सहमतीची भाषा आणि नकाराचे राजकारण : नाटोच्या सदस्यविस्तारातील मतभेदांची चिकित्सा

प्रास्ताविक

रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे भरलेल्या उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या, म्हणजेच नाटोच्या, शिखर परिषदेने ३ एप्रिल २००८ रोजी एक प्रदीर्घ घोषणापत्र प्रसृत केले. त्याच्या तेविसाव्या परिच्छेदात युक्रेन आणि जॉर्जिया हे देश नाटोचे सदस्य होतील यावर आज सहमती झाली आहे, अशा आशयाचे एक विधान आहे. त्याच परिच्छेदात पुढे असे म्हटले आहे की, सदस्यत्व कृती आराखडा ही या देशांची पुढची पायरी असून त्यासाठीच्या त्यांच्या अर्जांना आमचा पाठिंबा आहे. मात्र या अर्जांसंबंधी काही प्रश्न अद्याप शिल्लक असल्याने परराष्ट्रमंत्र्यांनी डिसेंबरमध्ये त्यांचा प्रथम आढावा घ्यावा. अंतिम मुक्काम निश्चित, पण तेथे जाणाऱ्या वाटेवरील पहिली पायरी अनिश्चित, अशी ही रचना आहे. ज्यांना आराखडाच देता आला नाही त्यांना सदस्यत्वाचे आश्वासन मात्र देण्यात आले.

या परिच्छेदावर गेल्या काही वर्षांत विपुल लेखन झाले आहे. युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर तर त्याचा उल्लेख नसलेला लेख विरळाच. तथापि बहुतेक अभ्यासक या परिच्छेदाला एक निर्णय समजून त्याचे समर्थन अथवा खंडन करतात. प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. हा परिच्छेद निर्णय नव्हता. न मिटलेल्या मतभेदाचा तो मसुदा होता. नाटोमध्ये नव्या सदस्याच्या प्रवेशाला होणारे विरोध प्रामुख्याने दोन जातींचे असतात. एका विरोधाला किंमत असते आणि ती चुकती केली की तो मावळतो. दुसऱ्या विरोधाला अशी किंमत नसते, कारण त्याचे मूळ उमेदवार देशाच्या पात्रतेत किंवा वर्तनात नसून संघटनेबाहेरील एका सत्तेच्या संभाव्य प्रतिक्रियेत असते. संघटना या दोन्ही विरोधांविषयी पात्रता, सुधारणा आणि तयारी यांच्या एकाच भाषेत बोलते, आणि या भाषेचा भुर्दंड संघटनेबाहेर उभ्या असलेल्या देशाला सोसावा लागतो, असे येथे मांडावयाचे आहे.

कलम दहा : मजकूर आणि व्यवहार

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी स्वाक्षरी केलेल्या मूळ करारात सदस्यप्रवेशासंबंधी एकच कलम आहे. दहाव्या कलमानुसार, कराराची तत्त्वे पुढे नेण्यास आणि उत्तर अटलांटिक क्षेत्राच्या सुरक्षिततेला हातभार लावण्यास समर्थ असलेल्या कोणत्याही युरोपीय राष्ट्रास सर्व सदस्य एकमताने निमंत्रण देऊ शकतात. ‘देऊ शकतात’ हे येथे महत्त्वाचे आहे. पात्र राष्ट्राला प्रवेशाचा हक्क आहे असे करार कोठेही म्हणत नाही. निमंत्रणानंतर प्रवेशाचा मसुदा प्रत्येक सदस्य राष्ट्राने आपापल्या घटनात्मक पद्धतीने अनुसमर्थित करावयाचा असतो. म्हणजे प्रत्येक सदस्याला नकार देण्याची संधी दोनदा मिळते, एकदा परिषदेच्या दालनात आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या संसदेत.

परिषदेच्या दालनात मतदान होत नाही. मसुदा फिरवला जातो, एक मुदत दिली जाते आणि त्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर मसुदा संमत झाल्याचे मानले जाते. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्याकडील वचन ब्रुसेल्सच्या कार्यपद्धतीत असे अक्षरशः अवतरले आहे! मतदान नसल्याने कोणी विरोध केला याची अधिकृत नोंद राहत नाही, आणि नोंद नसल्याने विरोधाचे कारणही लेखी द्यावे लागत नाही.

पात्रतेची भाषा किती लवचीक आहे हे प्रारंभापासूनच दिसते. कराराच्या प्रास्ताविकात लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांचा उच्चार आहे; तरीही सालाझार यांच्या हुकूमशाहीखालील पोर्तुगाल हा संस्थापक सदस्य होता, कारण अझोर्स बेटांचे सामरिक महत्त्व नाकारता येण्यासारखे नव्हते. मराठी वाचकाला या तपशिलात अधिक रस वाटावा असे कारण आहे. सहाव्या कलमाने कराराचे संरक्षण कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक क्षेत्रापुरते मर्यादित केले. त्यात फ्रान्सच्या अल्जीरियातील विभागांचा स्पष्ट समावेश होता, पण गोवा त्या मर्यादेबाहेर राहिला. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्या संयुक्त निवेदनात पोर्तुगालच्या आशियातील प्रदेशांना ‘प्रांत’ म्हटले गेले तेव्हा भारतात उमटलेला संताप या एका शब्दापोटीच होता. मात्र डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात उतरली तेव्हा निवेदनातील तो शब्द पोर्तुगालच्या उपयोगी पडला नाही. कराराने दिलेली हमी आणि निवेदनाने दिलेला दिलासा यांतील हे अंतर पुढील विवेचनात पुन्हा भेटणार आहे.

ग्रीस व तुर्कस्तान यांच्या प्रवेशाला प्रारंभी नॉर्वे आणि डेन्मार्क यांची नाराजी होती. भूमध्य सागराच्या पूर्व टोकाची जबाबदारी आपण का घ्यावी, हा त्यांचा प्रश्न होता. ब्रिटनला तुर्कस्तान मध्यपूर्वेच्या संरक्षणव्यवस्थेत हवा होता. अखेर १९५२ मध्ये दोन्ही देश सदस्य झाले. ज्याच्या प्रवेशाला इतरांनी हरकत घेतली होती तोच तुर्कस्तान सत्तर वर्षांनी एका उत्तर युरोपीय देशाला दाराशी थांबवून ठेवतो, हा इतिहासातील एक उपरोध म्हणावा लागेल.

किंमत असलेला नकार

बुखारेस्टच्या घोषणापत्रातील विसावा आणि तेविसावा हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते. विसाव्या परिच्छेदाचा विषय मॅसेडोनिया हा आहे. ग्रीसच्या उत्तर भागाचेही नाव मॅसेडोनिया असल्याने १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाचे नाव ग्रीसला मान्य नव्हते, आणि त्यामुळेच १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात त्याला ‘माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ या तात्पुरत्या नावाने प्रवेश घ्यावा लागला होता. १९९५ च्या अंतरिम करारात ग्रीसने असे मान्य केले होते की, हा देश त्या तात्पुरत्या नावाने कोणत्याही आंतरराष्ट्रीय संघटनेत प्रवेश मागत असेल तर आपण हरकत घेणार नाही. तरीही बुखारेस्टला क्रोएशिया आणि अल्बेनिया यांना निमंत्रण मिळाले आणि मॅसेडोनियाला मिळाले नाही. नावाच्या प्रश्नावर उभयपक्षी मान्य तोडगा निघताच निमंत्रण दिले जाईल, असे घोषणापत्रात नमूद करण्यात आले.

मॅसेडोनियाने नोव्हेंबर २००८ मध्ये हे प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. ग्रीसचा बचाव नाटोच्या कार्यपद्धतीवर विलक्षण प्रकाश टाकणारा आहे. नाटोत मतदान नसते व नकाराधिकारही नसतो. निमंत्रण न देण्याचा निर्णय सर्व सदस्यांचा सामूहिक होता. म्हणून ग्रीसने हरकत घेतली असे म्हणताच येत नाही, असा हा युक्तिवाद होता. थोडक्यात, सहमतीच्या आड एखाद्या राष्ट्राचा नकार अदृश्य होतो हेच येथे बचाव म्हणून मांडण्यात आले. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. नाटोचा निर्णय कोणामुळे झाला हा प्रश्न बाजूला ठेवून न्यायालयाने ग्रीसचे स्वतःचे वर्तन, त्याची पत्रे आणि त्याच्या नेत्यांची वक्तव्ये तपासली आणि ५ डिसेंबर २०११ रोजी पंधरा विरुद्ध एक मताने ग्रीसने १९९५ च्या कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला. मॅसेडोनिया खटला जिंकला. पुढच्याच वर्षी शिकागो येथे शिखर परिषद भरली. निमंत्रण मिळाले नाही. न्यायालय नकाराला बेकायदेशीर ठरवू शकते, होकार मात्र मिळवून देऊ शकत नाही.

हा पेच सुटला तो जून २०१८ च्या प्रेस्पा कराराने. ग्रीसचे पंतप्रधान सिप्रास आणि मॅसेडोनियाचे पंतप्रधान झाएव यांनी ‘उत्तर मॅसेडोनिया’ या नावावर तडजोड केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅसेडोनियात घेतलेल्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी करारास संमती दिली, पण मतदानाचे प्रमाणच सुमारे ३७ टक्के राहिले. तरीही संसदेने घटनादुरुस्ती केली आणि मार्च २०२० मध्ये हा देश नाटोचा तिसावा सदस्य झाला. एका राष्ट्राने आपले नाव बदलून प्रवेश मिळवला. ही किंमत न्याय्य होती असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु ती किंमत २००८ च्या घोषणापत्रातच लिहिलेली होती, सर्वांना ठाऊक होती आणि ती चुकती करणे मॅसेडोनियाच्या हाती होते. जाता जाता एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. या सर्व काळात नाटोच्या दस्तऐवजांतील तळटिपांत तुर्कस्तान या देशास त्याच्या घटनात्मक नावानेच मान्यता देतो, अशी नोंद छापली जात असे. एकमताने चालणाऱ्या संघटनेतील मतभेदाला तळटिपेत तेवढी जागा मिळाली होती!

स्वीडनचे प्रकरण याच जातीचे. फिनलंड आणि स्वीडन यांनी १८ मे २०२२ रोजी अर्ज केले. लोकशाही, लष्करी सिद्धता, नागरी नियंत्रण या कोणत्याही कसोटीवर त्यांच्याविषयी शंका घेण्यास जागा नव्हती, आणि सदस्यत्व कृती आराखड्याची पायरी त्यांना चढावी लागली नाही. तुर्कस्तानने कुर्दी संघटनांना दिल्या जाणाऱ्या आश्रयाचा आणि शस्त्रनिर्यातीवरील निर्बंधांचा मुद्दा पुढे केला. २८ जून रोजी माद्रिद येथे त्रिपक्षीय मसुद्यावर स्वाक्षऱ्या झाल्या. स्वीडनने घटनेत दुरुस्ती केली, दहशतवादविरोधी कायदा कडक केला, शस्त्रनिर्यातीवरील निर्बंध उठवले. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी सदस्य झाला, स्वीडन मात्र थांबलेलाच राहिला. जुलै २०२३ मध्ये व्हिल्निअस परिषदेच्या आदल्या दिवशी अध्यक्ष एर्दोआन यांनी तुर्कस्तानच्या युरोपीय संघातील प्रवेशाचा विषयही या प्रश्नाला जोडून दिला. तुर्की संसदेची संमती २३ जानेवारी २०२४ रोजी मिळाली. त्यानंतर तीनच दिवसांत अमेरिकेच्या प्रशासनाने तुर्कस्तानला एफ-१६ विमाने विकण्याचा प्रस्ताव काँग्रेसला कळवला. हंगेरीची संमती २६ फेब्रुवारी रोजी आली. तत्पूर्वी तीन दिवस स्वीडनकडून आणखी चार ग्रिपेन विमाने घेण्याचा व्यवहार जाहीर झाला होता. या घटनांचा क्रम सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे आणि त्यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

अशा नकाराला खंडणी म्हणणारे टीकाकार आहेत. नैतिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु राजनयाच्या दृष्टीने हा नकार प्रामाणिक असतो असेच म्हणावे लागेल. त्याचा मालक कोण हे ठाऊक असते, त्याची मागणी ठाऊक असते आणि तो कधीतरी संपतो.

किंमत नसलेला नकार

आता पुन्हा तेविसाव्या परिच्छेदाकडे वळू. जानेवारी २००८ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष युश्चेन्को, पंतप्रधान तिमोशेन्को आणि संसदेचे सभापती यात्सेन्यूक या तिघांनी संयुक्त पत्र लिहून सदस्यत्व कृती आराखड्याची मागणी केली. त्या पत्राच्या निषेधार्थ विरोधकांनी युक्रेनच्या संसदेचे कामकाज कित्येक आठवडे बंद पाडले. जॉर्जियात त्याच महिन्यात झालेल्या जनमत चाचणीत तीनचतुर्थांशाहून अधिक मतदारांनी सदस्यत्वाच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी या मागणीस उघड पाठिंबा दिला आणि बुखारेस्टला जाण्यापूर्वी ते मुद्दाम कीव्ह येथे थांबले. जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल आणि फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांचा विरोध होता. सामान्यतः अधिकाऱ्यांनी आधीच आटोपलेले शब्दांकनाचे काम बुखारेस्टला राष्ट्रप्रमुखांना स्वतः करावे लागले, यावरून मतभेदाची तीव्रता ध्यानात यावी.

मर्केल यांनी विरोधाची जी कारणे दिली ती पोकळ नव्हती. प्रादेशिक वा अंतर्गत संघर्षात अडकलेले देश सदस्य होऊ शकत नाहीत, असे त्यांनी मार्च २००८ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. जॉर्जियातील अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे प्रदेश त्या देशाच्या ताब्यात नव्हते. युक्रेनमध्ये जनमत सदस्यत्वाच्या बाजूने नव्हते, आणि रशियाचा काळ्या समुद्रातील नौदल ताफा करारानुसार २०१७ पर्यंत क्रिमियातील सेव्हास्तोपोल येथे राहणार होता. या प्रत्येक कारणामागे रशियाचे अस्तित्व आहे. मॉस्कोतील तत्कालीन अमेरिकी राजदूत विल्यम बर्न्स यांनीही युक्रेनचा प्रवेश ही रशियाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर लक्ष्मणरेषा असल्याचा इशारा आपल्या सरकारला दिला होता. असे असूनही तेविसाव्या परिच्छेदात रशियाचे नाव नाही. तेथे केवळ ‘शिल्लक प्रश्न’ आहेत, आणि तेही उमेदवारांच्या अर्जांसंबंधीचे!

विसावा परिच्छेद मॅसेडोनियाला सांगतो की नावाचा प्रश्न सोडवा आणि या. तेविसावा परिच्छेद युक्रेन व जॉर्जिया यांना काय करावे हे सांगत नाही. त्याला ते सांगता येणेही शक्य नव्हते, कारण खरा अडसर दूर करणे त्यांच्या हाती नव्हते. शेजारी राष्ट्राचा विरोध हे कोणत्याही सुधारणा कार्यक्रमाचे कलम होऊ शकत नाही. उलट, संघर्षग्रस्त देशाला प्रवेश नाही हा निकष उघड मांडला तर संघर्ष चिघळत ठेवणे हाच शेजाऱ्याच्या हातातील नकाराधिकार ठरतो. हा निकष चुकीचा होता असे नव्हे. नाटोच्या पाचव्या कलमाचे दायित्व लक्षात घेता तो समजण्यासारखाच होता. पण तो मांडताना त्याचा हा परिणाम मान्य करणे आवश्यक होते, आणि आश्वासनाच्या वाक्याने नेमके तेच टाळले.

त्या वाक्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. त्यात सदस्य होणारे देश आहेत, पण त्यांना सदस्य करून घेणारा कोणी नाही. काळ भविष्य आहे, पण दिनांक नाही. मराठीत हे वाक्य आणताना एक मौज घडते. आपले ‘होतील’ हे क्रियापद निश्चितीही दाखवते आणि शक्यताही. ‘ते घरी असतील’ या वाक्यात खात्रीपेक्षा अंदाजच अधिक असतो. शासकीय कार्यालयात फाइलीमागे खेटे घालणाऱ्या कोणालाही ‘आपले काम होईल’ या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी मसुद्यात व्याकरणाची ही सवलत नव्हती, तरीही प्रत्येक पक्षाने आपापल्या सोयीचा अर्थ वाचला. वॉशिंग्टनने त्यात दिशा वाचली, बर्लिनने विलंब वाचला, कीव्ह आणि तिबिलिसी यांनी वचन वाचले. मॉस्कोने धोका वाचला. दुसऱ्याच दिवशी नाटो-रशिया परिषदेसाठी पुतिन बुखारेस्टमध्येच उपस्थित होते.

ऑगस्ट २००८ मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले आणि त्याच महिन्यात रशियाने अबखाझिया व दक्षिण ओसेतिया यांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्यता दिली. डिसेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री जमले, आराखडा दिला गेला नाही; त्याऐवजी वार्षिक राष्ट्रीय कार्यक्रमांची योजना पुढे करण्यात आली. आश्वासनाला आठ महिनेही झाले नव्हते.

संदिग्धतेचा कैवार आणि अभ्यासकांची मतांतरे

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. संदिग्धता हे राजनयाचे मान्यताप्राप्त साधन आहे. प्रत्येक मतभेद उघड मांडला तर कोणतीही आघाडी टिकणार नाही. १९९७ च्या माद्रिद परिषदेत फ्रान्सला रुमानिया व स्लोव्हेनिया यांनाही निमंत्रण हवे होते, तर अमेरिकेने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक एवढ्यांचाच आग्रह धरला. अखेरीस घोषणापत्रात रुमानिया आणि स्लोव्हेनिया यांच्या प्रगतीचा नावानिशी गौरवपूर्ण उल्लेख करून वाद मिटवण्यात आला. तेही शब्दच होते, आणि २००४ मध्ये ते खरे ठरले. त्याच वर्षी रशियाचा तीव्र विरोध असूनही एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया ही तीन बाल्टिक राष्ट्रे सदस्य झाली. मग बुखारेस्टच्या शब्दांनाच दोष का द्यावा?

हा आक्षेप मोलाचा आहे. किंमत नसलेला नकारही काळानुसार विरघळू शकतो हे बाल्टिक राष्ट्रांच्या उदाहरणावरून मान्य केले पाहिजे. परंतु माद्रिदचा मतभेद वेगाविषयी होता, दिशेविषयी नव्हता. आणि संदिग्धतेच्या औचित्याची कसोटी प्रस्तुत लेखकाच्या मते अशी असावी की, तिचा धोका ती स्वीकारणाऱ्या पक्षांनीच वाटून घ्यावा. टेबलाभोवती बसलेल्या दोन पक्षांनी एका शब्दाचे दोन अर्थ राखून ठेवले तर पुढे होणाऱ्या घोटाळ्याचे परिणाम त्या दोघांनाच भोगावे लागतात. बुखारेस्टला शब्द ठरवणारे सर्वजण पाचव्या कलमाच्या छत्राखाली होते. ज्यांच्याविषयी ते शब्द होते ते दोन देश त्या छत्राबाहेर उभे होते, आणि बाहेरच राहिले.

अभ्यासकांत या परिच्छेदाविषयी दोन टोकाची मते आढळतात. जॉन मिअरशायमर यांनी २०१४ मधील आपल्या बहुचर्चित लेखात बुखारेस्टचे आश्वासन हे रशियाला डिवचणारे पाऊल मानले आणि युक्रेनच्या संकटाचा दोष पाश्चात्त्यांवर ठेवला. याउलट रोनाल्ड अस्मस यांनी २०१० मधील जॉर्जिया युद्धावरील ग्रंथात आराखडा नाकारला गेल्याने रशियाचे धैर्य वाढले, असे प्रतिपादन केले. एकाच परिच्छेदाच्या अर्ध्या भागावर एकाने आणि उरलेल्या अर्ध्या भागावर दुसऱ्याने आपला सिद्धान्त उभा केला आहे. मिअरशायमर यांच्या मांडणीत युक्रेनची स्वतःची इच्छा हा घटक जवळजवळ नाहीसाच होतो, हा तिचा मोठा दोष होय. २०१० मध्ये यानुकोविच यांच्या काळात युक्रेनने कायद्याने अलिप्त दर्जा स्वीकारला होता आणि क्रिमिया बळकावला गेला तेव्हा तो कायदा अमलात होता, हेही त्यांच्या प्रतिपादनास सहजासहजी पेलणारे नाही. अस्मस यांची अडचण वेगळी आहे. आराखडा मिळाला असता तर रशिया थांबला असता, हे त्यांचे गृहीतक आहे. परंतु आराखड्याबरोबर पाचवे कलम येत नाही. मॅसेडोनिया १९९९ पासून आराखड्यात होता आणि एकवीस वर्षे बाहेर राहिला. फिनलंड आणि स्वीडन आराखड्याविना आत आले. जी पायरी अनिवार्यही नाही आणि पुरेशीही नाही, तिच्यावरून दोन देशांचे भवितव्य तोलले गेले.

मेरी सरोटे यांचा २०२१ मधील ग्रंथ या दोहोंपेक्षा अधिक समतोल आहे. विस्तार करावा की नाही यापेक्षा तो कोणत्या रीतीने झाला याकडे त्या लक्ष वेधतात. मात्र त्यांचे विवेचन १९९९ च्या सुमारास थांबत असल्याने बुखारेस्ट त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

स्वतः मर्केल यांचे म्हणणेही विचारात घेतले पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये बुचा येथील हत्याकांड उघडकीस आल्यावर अध्यक्ष झेलेन्स्की यांनी मर्केल आणि सार्कोझी यांना तेथे येऊन चौदा वर्षांच्या सवलतींचे फळ पाहण्याचे आवाहन केले. २००८ च्या आपल्या निर्णयावर आपण ठाम आहोत, असे मर्केल यांनी उत्तर दिले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपली बाजू सविस्तर मांडली आहे. आराखडा आणि सदस्यत्व यांच्यामधील काळात रशिया स्वस्थ बसला नसता व त्या काळात नाटोचे सैनिक युक्रेनच्या मदतीस गेले नसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो खोडून काढणे सोपे नाही. पण हाच युक्तिवाद आश्वासनालाही लागू पडतो, आणि सदस्यत्वाचे ते सर्वसाधारण आश्वासन पुतिन यांना आव्हानासारखे वाटले याची कबुली त्याच ग्रंथात आहे. तारखेविना दिलेल्या आश्वासनाने तो धोक्याचा मधला काळ अनिश्चित मुदतीचा करून टाकला. मर्केल यांचा नकार समर्थनीय होता; त्या नकाराला दिलेले होकाराचे रूप समर्थनीय नव्हते. हाच दोषारोप बुश यांच्यावरही करावा लागेल. सहकाऱ्यांचे मन वळवता येत नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी आराखडा सोडला आणि वाक्य स्वीकारले.

बुखारेस्टनंतर

पुढील घोषणापत्रांत तेच वाक्य वारंवार उद्धृत झाले. युक्रेनने २०१९ मध्ये सदस्यत्वाचे ध्येय आपल्या राज्यघटनेत समाविष्ट केले. व्हिल्निअस येथे जुलै २०२३ मध्ये युक्रेनसाठी आराखड्याची अट काढून टाकण्यात आली. सदस्य राष्ट्रांची सहमती होईल आणि अटी पूर्ण होतील तेव्हा निमंत्रण देता येईल, असे घोषणापत्रात म्हटले गेले. अटी कोणत्या हे पुन्हा सांगितले गेले नाही. मसुद्याचे स्वरूप कळताच झेलेन्स्की यांनी कालमर्यादेचा असा अभाव अभूतपूर्व आणि विसंगत असल्याची टीका केली, आणि त्यांच्याच यजमानांना ती बोचली. सहमती होईल तेव्हा सहमती होईल, यापलीकडे त्या वाक्यात आशय शोधणे कठीण आहे. जुलै २०२४ मध्ये वॉशिंग्टन येथे युक्रेनचा मार्ग ‘अपरिवर्तनीय’ असल्याचे जाहीर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी ब्रुसेल्स येथे सांगितले की, युक्रेनचे नाटो सदस्यत्व ही वाटाघाटीतून निघणारी वास्तववादी निष्पत्ती आहे असे आपल्या देशाला वाटत नाही. सतरा वर्षांत प्रथमच किंमत नसलेला नकार त्याच्या स्वतःच्या नावाने, पात्रतेचा बुरखा न घेता, उच्चारला गेला. परंतु तो आला तो आक्रमणाच्या चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर, युक्रेनपाशी देवघेवीसाठी फारसे काही उरले नसताना.

जून २०२५ च्या हेग परिषदेचे घोषणापत्र अवघ्या पाच परिच्छेदांचे आहे. त्यात युक्रेनला मदतीचा उल्लेख आहे, सदस्यत्वाचा नाही. २००८ चे वाक्य मात्र रद्द झालेले नाही. ते मागे घ्यावयाचे तर त्यासाठीही बत्तीस सदस्यांची सहमती लागेल.